जुन्या लॅपटॉपचे दुहेरी दप्तर

सन २०१२च्या आसपास खरेदी झालेले कितीतरी लॅपटॉप अद्यापि शाळांच्या कचेऱ्यांतून, सहकारी संस्थांच्या कार्यालयांतून आणि विद्यार्थ्यांच्या घरांतून काम देत आहेत. नवे असताना यांपैकी अनेक यंत्रांचे झाकण उघडले की काही क्षणांतच पडदा उजळे आणि आदल्या संध्याकाळी अर्धवट टाकलेला मजकूर जसाच्या तसा समोर येई. आता तेच यंत्र सुरू होण्यास चारपाच मिनिटे घेते. काही वेळा झाकण उघडूनही जागे होत नाही. क्वचित निळा पडदा दाखवून थांबते. अशा वेळी 'यंत्र जुने झाले' असे म्हणून ते अडगळीत टाकले जाते, किंवा त्यातील सर्व काही पुसून नव्याने मांडणी करून घेतली जाते.

हे दोन्ही मार्ग घाईचे आहेत. त्या काळातील पुष्कळ लॅपटॉपांत माहिती एका जागी नसून दोन जागी असते, ही गोष्ट वापरणाऱ्यास बहुधा ठाऊक नसते. या दोन जागांमधील मेळ बिघडला की यंत्र मंद होते अथवा अडते. पण म्हणून ते निकामी झाले असे होत नाही. उलटपक्षी, हा मेळ लक्षात न घेता केलेली दुरुस्ती मात्र वर्षानुवर्षांचे हिशेब, निकालपत्रके वा प्रबंध नाहीसे करू शकते. यास्तव ही रचना मुळात काय आहे, हे समजून घेणे उपयुक्त ठरेल.

चकतीची गती आणि तिची मर्यादा

संगणकातील माहिती फिरत्या चुंबकीय चकत्यांवर साठविण्याची प्रथा सन १९५६मध्ये आयबीएम कंपनीच्या रॅमॅक या यंत्राने सुरू झाली. त्या यंत्रात पन्नास चकत्या होत्या आणि त्यांवर सुमारे पन्नास लक्ष अक्षरे मावत. पुढे चकत्या लहान झाल्या, त्यांची साठवणक्षमता लाखो पटींनी वाढली; परंतु मूळ तत्त्व तेच राहिले. चकती फिरते, तिच्यावर एक बारीक भुजा सरकते आणि हवी ती माहिती भुजेखाली येईपर्यंत संगणकास वाट पाहावी लागते.

लॅपटॉपमधील सर्वसाधारण हार्ड डिस्क मिनिटास ५,४०० फेरे करते, म्हणजेच एका फेऱ्यास सुमारे ११ मिलिसेकंद लागतात. हवी ती नोंद सरासरीने अर्ध्या फेऱ्यानंतर हाती येते. भुजा योग्य वर्तुळावर नेण्याचा वेळ त्यात मिळविला, तर एका नोंदीमागे पंधरा मिलिसेकंदांच्या आसपास खोळंबा होतो. हा वेळ माणसाच्या दृष्टीने नगण्य होय. पण संगणक सुरू होताना अशा सहस्रावधी नोंदी वाचाव्या लागतात आणि थेंबे थेंबे तळे साचावे तशी मिनिटे साचतात.

याउलट फ्लॅश स्मृतीत फिरणारा कोणताही भाग नसतो. जपानमधील तोशिबा कंपनीत काम करणारे फुजिओ मासुओका यांनी 'नँड' या प्रकारच्या फ्लॅश स्मृतीची रचना सन १९८७मध्ये जगापुढे मांडली. वीज गेली तरी तिच्यातील माहिती टिकते. तिच्यावर आधारलेल्या एसएसडीतून एक नोंद मिळण्यास साधारणतः मिलिसेकंदाचा दहावा भाग पुरतो. सन २०११च्या सुमारास मात्र मोठ्या एसएसडीची किंमत सामान्य ग्राहकाच्या आवाक्याबाहेर होती. तेव्हा उत्पादकांनी मधला मार्ग काढला: ५०० जीबीची स्वस्त हार्ड डिस्क आणि तिच्या जोडीला २४ किंवा ३२ जीबीची लहानशी एसएसडी.

दप्तरखाना आणि टेबल

या जोडीचे कार्य कचेरीतील व्यवहाराने सहज स्पष्ट होईल. कार्यालयाचा दप्तरखाना मोठा असतो, पण तेथून एखादी फाईल आणावयाची तर शिपायाला जावे लागते, कपाट शोधावे लागते. म्हणून अनुभवी कारकून रोज लागणाऱ्या दहावीस फायली आपल्या टेबलावरच ठेवतो. दप्तरखाना म्हणजे हार्ड डिस्क आणि टेबल म्हणजे लहान एसएसडी, असे समजावे. कोणत्या फायली वारंवार मागविल्या जातात याची नोंद ठेवून त्यांच्या प्रती आपोआप टेबलावर आणण्याचे काम संगणकातील एक व्यवस्थापक प्रोग्रॅम करतो.

अशा जवळच्या जलद साठ्यास संगणकशास्त्रात 'कॅशे' म्हणतात. ही कल्पना नवी नाही. केंब्रिजचे शास्त्रज्ञ मॉरिस विल्क्स यांनी ती सन १९६५मध्ये 'दास स्मृती' या अर्थाच्या नावाने मांडली आणि सन १९६८मध्ये जाहीर झालेल्या आयबीएमच्या सिस्टिम ३६० मालिकेतील ८५ क्रमांकाच्या संगणकात ती व्यवहारात आली. सन २०११मध्ये इंटेल कंपनीने तीच कल्पना 'स्मार्ट रिस्पॉन्स' या नावाने हार्ड डिस्क आणि एसएसडी यांच्या जोडीस लावली. त्यासाठी एसएसडीवर किमान सुमारे १८.६ जीबी जागा लागे आणि जास्तीत जास्त ६४ जीबी जागा या कामी वापरता येई.

कच्ची आणि पक्की नोंद

आता या योजनेतील सर्वांत नाजूक भाग येतो. वाचनासाठी फाईलची प्रत टेबलावर असणे निर्धोक आहे. पण तिच्यात नवी नोंद केली तर ती दप्तरखान्यातील मूळ फाईलमध्ये केव्हा उतरावयाची? यासाठी दोन पद्धती ठेवण्यात आल्या.

पहिल्या, 'एनहान्स्ड' नावाच्या पद्धतीत प्रत्येक नवी नोंद एसएसडी आणि हार्ड डिस्क या दोहोंवर बरोबरच लिहिली जाते. लिहिण्याचा वेग त्यामुळे फारसा वाढत नाही; परंतु एसएसडी उद्या बंद पडली तरी हार्ड डिस्कवरील दप्तर पूर्ण असते.

दुसऱ्या, 'मॅक्झिमाइझ्ड' नावाच्या पद्धतीत नोंद प्रथम एसएसडीवर होते आणि सवडीने हार्ड डिस्कवर उतरते. दुकानदाराने दिवसभराचा व्यवहार कच्च्या वहीत टिपावा आणि रात्री तो खतावणीत मांडावा, तसाच हा प्रकार होय. वेग अधिक मिळतो, हे खरे. पण कच्ची वही हरवली तर त्या दिवसाची खतावणी अपुरी राहते. म्हणूनच या पद्धतीने चालणाऱ्या लॅपटॉपमधून लहान एसएसडी परस्पर काढणे, किंवा केवळ हार्ड डिस्क काढून दुसऱ्या संगणकास जोडणे धोक्याचे आहे. तेथे दिसणाऱ्या फायली जुन्या, अर्धवट वा विसंगत असू शकतात आणि त्यांवर काम सुरू केले की मूळ नोंदींचा मेळ पुन्हा बसविणे अशक्य होऊन बसते.

त्वरित जाग कशी येते

लॅपटॉप मिटल्यावर तो सर्वसाधारणपणे 'स्लीप' अवस्थेत जातो. चालू काम रॅममध्ये राहते आणि रॅमला बॅटरीतून अल्प वीज मिळत राहते. जाग त्वरित येते; परंतु बॅटरी संपली की रॅममधील सर्व काही जाते. पावसाळ्यात वीज तासन् तास खंडित झाली आणि बॅटरी जुनी असली, तर न साठविलेला मजकूर गमावण्याचा प्रसंग येतो तो याच कारणाने. 'हायबरनेशन' या दुसऱ्या अवस्थेत रॅममधील मजकूर हार्ड डिस्कवर उतरवून यंत्र पूर्ण बंद होते. यात धोका नाही, पण चकतीच्या मंदपणामुळे जाग येण्यास वेळ लागतो.

या दोहोंचा मेळ घालणारी 'रॅपिड स्टार्ट' नावाची सोय सन २०१२च्या सुमारास लॅपटॉपांत आली. यंत्र प्रथम साधी झोप घेते. ठरावीक वेळ लोटली की स्वतःच क्षणभर सचेत होऊन रॅममधील मजकूर एसएसडीवरील राखीव भागात लिहिते आणि मग वीज घेणे जवळजवळ थांबविते. मिटून ठेवलेल्या लॅपटॉपचा पंखा मध्येच घरघरला वा दिवा लुकलुकला, तर तो बिघाड नसून बहुधा हेच काम चाललेले असते. हे काम विंडोज नव्हे, तर यंत्रातील मूळ प्रोग्रॅम म्हणजे बायोस करतो. इंटेलने त्या काळी 'अल्ट्राबुक' या वर्गातील लॅपटॉपांसाठी अशा गाढ झोपेतून सात सेकंदांच्या आत जागे होण्याची अट घातली होती.

बिघाड कोठे होतो

या दोन्ही सोयी बंद पडण्याची कारणे बहुतेक ठिकाणी सारखीच आढळतात.

पहिले कारण वाढविलेली रॅम. एसएसडीवरील राखीव भाग हा निदान रॅमइतका मोठा असावा लागतो. ४ जीबी रॅम असताना केलेला भाग ८ जीबी रॅम बसविल्यावर अपुरा पडतो आणि त्वरित जाग येणे थांबते. रॅम सदोष असल्याचा संशय येऊन ती परत केली जाते. वस्तुतः राखीव भाग मोठा करणे एवढाच उपाय असतो. तेथेही जागेचा हिशेब पाहावा लागतो. ३२ जीबीच्या एसएसडीत ८ जीबीचा राखीव भाग आणि कॅशे ही दोन्ही मावतात. २४ जीबीच्या एसएसडीत कॅशेची किमान जागा वजा जाता ८ जीबी उरतच नाहीत. तेथे दोहोंपैकी एका सोयीवर पाणी सोडणे भाग आहे.

दुसरे कारण बायोसमधील मांडणी बदलणे. कॅशेच्या योजनेसाठी डिस्कची व्यवस्था 'रेड' म्हणजे डिस्कसमूहाच्या पद्धतीवर ठेवलेली असते. यंत्राच्या आतील नाण्याएवढी बॅटरी क्षीण झाली, किंवा कोणी बायोस मूळ स्थितीवर आणले, तर ही व्यवस्था 'एएचसीआय' पद्धतीवर जाऊ शकते. मग विंडोजला आपली डिस्क ओळखता येत नाही आणि निळा पडदा येतो. याची एक खूण लक्षात ठेवण्याजोगी आहे: घड्याळ व तारीखही मागे गेलेली असेल, तर संशय प्रथम त्या लहान बॅटरीवर घ्यावा. बायोसमध्ये जाऊन पूर्वीची पद्धत निवडताच पुष्कळ यंत्रे पूर्ववत सुरू होतात. अशा वेळी विंडोज नव्याने घालणे म्हणजे कुलपाची किल्ली बाजूला ठेवून दार फोडण्यासारखे आहे.

तिसरे कारण विंडोजची नवी आवृत्ती घालताना झालेली मोडतोड. मांडणी करणाऱ्यास एसएसडीवरील निनावी भाग निरुपयोगी वाटतो आणि तो पुसला जातो. किंवा जोडीचे नियंत्रण करणारा ड्रायव्हर व व्यवस्थापक प्रोग्रॅम घालावयाचा राहून जातो. यंत्र चालते, पण एसएसडी रिकामी बसून राहते आणि सारा भार मंद चकतीवर पडतो.

चौथे कारण खुद्द एसएसडीची झीज. फ्लॅश स्मृतीतील प्रत्येक कप्पा ठरावीक वेळाच पुसून पुन्हा लिहिता येतो आणि कॅशेच्या कामात हे लेखन सतत चालते. यंत्र मध्येच गोठणे, एसएसडीचे नाव कधी दिसणे व कधी न दिसणे, ही झिजेची लक्षणे असू शकतात.

तपासणीचा क्रम

दुरुस्तीस हात घालण्यापूर्वी पुढील क्रम पाळणे हितावह ठरेल.

१. यंत्र सुरू होत असेल तर सर्वप्रथम महत्त्वाच्या फायलींची प्रत बाहेरच्या डिस्कवर घ्यावी आणि ती दुसऱ्या संगणकावर उघडून पाहावी. उघडून न पाहिलेली प्रत ही प्रत नव्हे.

२. यंत्र सुरू होत नसेल तर काहीही न पुसता बायोस उघडावे. तारीख, डिस्कची पद्धत आणि दोन्ही डिस्कांची नावे दिसतात की नाही, हे पाहून कागदावर टिपून ठेवावे.

३. यंत्र सुरू झाल्यावर इंटेलच्या रॅपिड स्टोरेज या व्यवस्थापक प्रोग्रॅममध्ये 'ॲक्सिलरेशन' हा विभाग उघडावा. कोणती पद्धत चालू आहे, हे तेथे कळते. 'मॅक्झिमाइझ्ड' असल्यास ती बदलून 'एनहान्स्ड' करावी, म्हणजे साचलेल्या कच्च्या नोंदी हार्ड डिस्कवर उतरतील.

४. त्यानंतर ॲक्सिलरेशन पूर्णपणे बंद करावे, यंत्र रिस्टार्ट करावे आणि एकदोन दिवस तसेच वापरावे. यंत्र मंद पण स्थिर चालले, तर दोष एसएसडीत वा जोडणीत आहे. अडखळणे कायम राहिले, तर हार्ड डिस्कची तपासणी करवावी.

५. एसएसडी सुस्थितीत असल्याची खात्री पटल्यावरच जोडी पुन्हा जुळवावी आणि 'एनहान्स्ड' पद्धतच निवडावी. कार्यालयीन कामात थोड्या वेगापेक्षा पूर्ण दप्तर मोलाचे असते.

६. त्वरित जागेची सोय हवी असल्यास रॅम आणि राखीव भाग यांचा मेळ शेवटी बसवावा.

यंत्र दुरुस्तीस द्यावयाचे झाल्यास, 'यात दोन डिस्क असून त्या जोडीने चालतात' एवढे वाक्य कागदावर लिहून यंत्राबरोबर द्यावे. एसएसडी पूर्णपणे निकामी झाली असेल आणि पद्धत 'मॅक्झिमाइझ्ड' असेल, तर जोडी बळाने तोडण्यापूर्वी फायलींचे महत्त्व पाहून जाणकाराचा सल्ला घेणे श्रेयस्कर.

बंद केलेले यंत्र खरोखर बंद असते काय?

याच संदर्भात आणखी एक गैरसमज दूर करणे अगत्याचे आहे. सन २०१२मध्ये आलेल्या विंडोज ८पासून 'फास्ट स्टार्टअप' नावाची निराळी सोय विंडोजमध्येच आहे. ती चालू असताना 'शट डाऊन' केले तरी विंडोजचा गाभा आणि ड्रायव्हरांची स्थिती डिस्कवर जपून ठेवली जाते व पुढच्या वेळी तीच परत आणली जाते. साहजिकच काल बिघडलेला ड्रायव्हर आज यंत्र बंद करून सुरू केल्यावरही बिघडलेलाच राहतो. 'रिस्टार्ट' केल्यास मात्र सर्व काही नव्याने सुरू होते. शिफ्ट ही कळ दाबून धरून 'शट डाऊन' केल्यानेही पूर्ण बंद होणे साधते. डिस्क काढावयाची असेल वा त्याच यंत्रावर दुसरी कार्यप्रणाली चालवावयाची असेल, तर पॉवर ऑप्शन्समध्ये जाऊन ही सोय आधी बंद करावी. अन्यथा अर्धवट मिटलेल्या नोंदींवर दुसऱ्याने लिहिल्यासारखे होऊन फायली खराब होण्याचा संभव असतो.

जुन्या यंत्राचे भवितव्य

मोठ्या एसएसडी स्वस्त झाल्यावर जोडीची ही पद्धत मागे पडली. इंटेलने सन २०१७मध्ये 'ऑप्टेन' नावाच्या निराळ्या स्मृतीने तिला नवे रूप दिले. पण सन २०२२मध्ये तो व्यवसाय आवरता घेत असल्याचे जाहीर केले. आज जुन्या लॅपटॉपसाठी सर्वांत सरळ उपाय म्हणजे प्रथम जोडी विधिवत सोडवून हार्ड डिस्कच्या जागी त्याच मापाची एक पूर्ण एसएसडी बसविणे. मग टेबल आणि दप्तरखाना एकच होतात आणि मेळ बिघडण्याचा प्रश्नच राहत नाही.

तथापि एक सावधगिरी आवश्यक आहे. विंडोज ७चा आधार १४ जानेवारी २०२० रोजी आणि विंडोज १०चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. सन २०१२चे लॅपटॉप विंडोज ११च्या अटींत बसत नाहीत. अशा यंत्रांवर लिनक्ससारखी मुक्त कार्यप्रणाली घालता येते. किंवा इंटरनेटपासून दूर ठेवून लेखन व टंकन यांसाठी ती वापरता येतात. लिनक्स घालण्यापूर्वीही कॅशेची जोडी सोडविणे अगत्याचे आहे.

शेवटी, यंत्र कायमचे निकाली काढावयाचे असेल तेव्हा केवळ हार्ड डिस्क पुसून भागत नाही. लहान एसएसडीवरील कॅशेत फायलींच्या प्रती आणि राखीव भागात रॅमची जशीच्या तशी छबी उरलेली असू शकते. पतसंस्थेच्या सभासदांची खाती, विद्यार्थ्यांचे दाखले, घरगुती पत्रे यांचा अंश त्यात असणे शक्य आहे. ती एसएसडीही संपूर्ण पुसावी अथवा काढून घ्यावी. दप्तर दुहेरी असेल, तर ते जपताना आणि मोडीत काढताना दोन्ही भागांची दखल घेणे, हेच त्याच्या धन्याचे कर्तव्य होय.